दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावू नये

धोटे मॅडम अत्यंत शांत आणि मनमिळाऊ स्वभावाच्या होत्या, असं शाळेच्या शोकसभेत सांगण्यात आलं.

सांगणारे होते आमचे तेव्हाचे उपप्राचार्य, जे आता प्राचार्य आहेत. मी खेळाचा मास्तर. मागे मुलांच्या रांगा सरळ करत उभा होतो. ते वाक्य ऐकलं आणि माझं डोकं असं तापलं की पुढचं काही कानात शिरलंच नाही. मौन सुरू झालं, मौन संपत आलं, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने माझ्या तोंडून खणखणीत आवाजात निघालं, "विश्राम." सगळी शाळा पाय फाकवून, हात मागे बांधून उभी राहिली. मॅडमच्या फोटोसमोर. मॅडम असत्या तर म्हणाल्या असत्या, "बह्याडा, मेल्यावर तरी कवायत नको घेऊ माह्याकडून."

माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल चांगलं बोलावं, हे मला मान्य आहे. पण चांगलं बोलायचं म्हणून त्याच्या जागी दुसराच माणूस उभा करावा, हे कुठलं? मॅडम शांत नव्हत्या. एक दिवसही नव्हत्या. त्या रागावलेल्या होत्या, आणि तो राग त्यांनी वेळापत्रकाप्रमाणे, सोमवार ते शनिवार, नेमाने वापरला. आमच्या भिलाईत पोलादाच्या प्लांटचं कोक ओव्हन, म्हणजे कोळसा भाजायची भट्टी, कधी थंड होऊ देत नाहीत, कारण एकदा थंड झालं की आतल्या विटा तडकतात. मॅडमचं तसंच होतं. त्यांचे यजमान, धोटे साहेब, प्लांटच्या ऑफिसात क्लार्क होते आणि त्या घरातली सगळी शांतता त्यांच्या वाट्याला आलेली होती. मला वाटतं, शोकसभेतलं भाषण चुकून त्यांच्यावर झालं.

मॅडम अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवत. बुटक्या, गोल भिंगांचा चष्मा, कडक इस्त्रीची सुती साडी आणि तिच्याखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. वर्गात हिंदी, पुस्तकापुरतं इंग्रजी. पण राग आला की भंडाऱ्याची मराठी. त्यामुळे आमच्या शाळेतल्या छत्तीसगढी, तेलुगू, मल्याळी, सगळ्या पोरांना मराठीचा एक शब्द नक्की येतो : "कावून?" म्हणजे, का? परिपत्रक आलं, कावून? सुट्टी रद्द, कावून? स्टाफरूमच्या खिडकीला नवा पडदा लागला तरी, "आता हे कावून?"

त्यांचा वर्गातला एक कायदा होता. जे डोळ्यांनी पाहिलं नाही, त्याला 'सुंदर' म्हणायचं नाही. पोरं उत्तरपत्रिकेत लिहायची, समुद्रातली प्रवाळं अत्यंत सुंदर असतात. मॅडम त्या शब्दावर लाल काट मारत आणि समासात लिहीत, "देखा क्या?" एकदा मीच स्टाफरूममध्ये म्हणालो, मॅडम, काश्मीर काय सुंदर आहे ना. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "गेला होता?" म्हटलं, नाही, कॅलेंडरवर पाहिलं. "मंग कॅलेंडर सुंदर हाय म्हन."

टेबलावर त्या एक चुनखडीचा दगड ठेवत. हा दगड आमच्याकडे खाणीतून प्लांटमध्ये येतो, भट्टीत लोखंडाच्या खनिजाबरोबर जातो आणि सगळा मळ आपल्यात घेऊन वितळतो. पोरांच्या बापांचा रोजचा दगड. पहिल्याच तासाला मॅडम तो पोरांच्या हातात फिरवत आणि विचारत, ये क्या है? पोरं एका सुरात म्हणत, फ्लक्स. मॅडम भडकत. "समंदर है. इथे, तुमच्या क्वार्टरखाली समुद्र होता. त्याच्यात डोळ्यांना न दिसणारे जीव होते, त्यांनी थर थर करून हा बांधला. तुमचे पप्पा रोज समुद्र भट्टीत घालतात अन् तुम्हाला पत्ताच नाही." मग त्या फळ्यावर प्रवाळाची आकृती काढत. इतकी नेटकी, की पुस्तकातली तिच्यापुढे आळशी वाटावी. आणि त्या आकृतीला त्यांनी स्वतः कधीही सुंदर म्हटलं नाही, कारण प्रवाळ त्यांनीही पाहिलेलं नव्हतं.

राग हा त्यांचा वडिलोपार्जित होता. वडील विदर्भातल्या कुठल्याशा कोळसा खाणीत होते. तिथे खाली उतरताना प्रत्येकाने आपला पितळी बिल्ला वरच्या फळीवर अडकवायचा आणि वर आल्यावर आपल्याच हाताने काढायचा. फळीवर बिल्ला आहे म्हणजे माणूस खाली आहे. एका संध्याकाळी कुणीतरी घाईत, फळी रिकामी दिसावी म्हणून, उरलेला एक बिल्ला काढून पेटीत टाकला. तो मॅडमच्या वडलांचा होता. वरचे सगळे घरी गेले, आणि ते रात्रभर खाली, छत ढासळलेल्या गल्लीच्या पलीकडे बसून राहिले. सकाळच्या पाळीला सापडले. बाहेर आल्यावर त्यांनी पाणी मागितलं नाही. फळीकडे बोट दाखवून विचारलं, "कोनं हात लावला?" हा किस्सा मॅडम दर वर्षी सांगत, आणि दर वर्षी त्यांचा आवाज त्याच जागी चढे.

भिलाईत हा किस्सा समजावून सांगावा लागत नाही. प्लांटमध्ये गॅसच्या जागेत जाणाऱ्यांची हीच रीत. आमच्या पोरांनी ती जेवताना बापाच्या तोंडून ऐकलेली असते. दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावू नये, हे इथे पाढ्यांच्या आधी येतं.

तर सहल. आमच्या मोठ्या वर्गांची सहल ठरलेली असे : एक धरण, एक प्राणिसंग्रहालय, पुरी-भाजी, परत. त्या वर्षी मॅडमनी मीटिंगमध्ये सांगितलं की बारावीला वर्षावनं आणि प्रवाळ यांच्यावर अख्खा धडा आहे, आणि धरणावर प्रवाळ उगवत नाही. अंदमानला जायचं. सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत, आणि पुढच्या प्रत्येक मीटिंगला पुन्हा तेच म्हणाल्या. शेवटी उपप्राचार्यांच्या डोक्यात होर्डिंग चमकलं असावं. ते एकाएकी तयार झाले, स्वतः प्रमुख म्हणून निघाले, आणि सोबत मला घेतलं, कारण माझ्या नोकरीच्या अर्जात 'पोहणे' असं लिहिलेलं होतं.

ते मी लिहिलं होतं हे खरं. लिहिताना माझ्या मनात पोहणं ही आवड होती, येणं वेगळं. मॅडमना हे ठाऊक होतं, कारण सेक्टरच्या पोहण्याच्या तलावावर त्यांनी मला लहान मुलांच्या भागात, कमरेएवढ्या पाण्यात, दांडा धरून उभा असलेला पाहिला होता. त्या एवढंच म्हणाल्या, "लांजेवार, तुहं पानी मले समजलं." पण कुणाला बोलल्या नाहीत. रागीट माणसं चुगलीखोर नसतात, हे मी त्यांच्यावरून शिकलो.

जीवशास्त्राच्या वर्गात मुलीच जास्त. त्यातल्या बहुतेकींनी पाणी बादलीतलं पाहिलेलं. मॅडम स्वतः तलावांच्या मुलखातल्या. त्यांनी बायकांच्या वेळेत सगळ्या पोरींना तलावावर नेऊन तरंगायला शिकवलं. कुरुदची हुमेश्वरी साहू ही त्यांत सगळ्यांत भित्री. बाप प्लांटमध्ये ठेकेदाराकडे कामाला. पोरीला सहलीला सोडायला तयार नव्हता. मॅडम त्याच्या घरी गेल्या आणि खाणीचा किस्सा सांगितला. म्हणाल्या, तुमची मुलगी पाण्यात जाताना तिचा बिल्ला फळीवर लागेल, आणि ती बाहेर येईपर्यंत मी तिथून हलणार नाही. तो माणूस हो म्हणाला. प्राचार्यांच्या सहीच्या परिपत्रकाने जे झालं नव्हतं, ते एका बिल्ल्याने झालं. शाळेच्या सायकल स्टँडचे जुने पितळी बिल्ले पेटीत पडून होते, पोरं स्कूटीवर यायला लागल्यापासून. मॅडमनी ते चिंचेने घासून घेतले, आणि एका फळीला खिळे ठोकायचं काम मला दिलं. मी निम्मे खिळे उलट्या बाजूने ठोकले. ते तसेच राहिले.

अंदमानात आधी जंगल. काय सांगू? आमच्याकडचं साल वृक्षांचं जंगल म्हणजे ऊन असलेलं जंगल. तिथे ऊन वरच कुठेतरी अडकलेलं. खाली हिरवा अंधार, आणि झाडांची मुळं भिंतींसारखी उभी, माणूस त्यांच्याआड लपेल अशी. मॅडमनी सगळ्यांना गप्प उभं केलं. फक्त ऐका म्हणाल्या. पोरं ऐकायला लागली. वर कुठेतरी पक्षी बोलायला लागले, मग जवळ, मग अगदी डोक्यावर. मला वाटलं, रांग जरा वाकडी आहे. मी शिट्टी वाजवली.

जंगल एका क्षणात रिकामं झालं. मॅडम माझ्याकडे आल्या, माझ्या गळ्यातून शिट्टी काढली आणि आपल्या गळ्यात घातली. एक शब्दही बोलल्या नाहीत, आणि मला त्यांचं शांत राहणं पाहायला मिळालं ते तेवढंच. उपप्राचार्यांनी दरम्यान शाळेचं बॅनर उघडलं होतं आणि ते पोरांना उंचीप्रमाणे उभं करत होते.

दुसऱ्या दिवशी एका लहान बेटावर प्रवाळ. ठरलं होतं असं : आधी मुलं, मग मुली, जोडीजोडीने, वाटाड्याबरोबर. वाटाड्याचं नाव बसंत. आजोबा रांचीकडून आलेले. त्याने किनाऱ्यापासून प्रवाळापर्यंत दोर बांधला होता. मॅडमनी नारळाच्या झाडाला फळी टांगली. मुलं बिल्ले लावत आत गेली, डोळ्यांना मास्क, अंगात जाकीट, तोंडात नळी. ओरडत बाहेर आली, बिल्ले काढले. मुली तयार होऊन वाळूत बसल्या होत्या. हुमेश्वरी तर मास्क लावूनच बसली होती, काच वाफेने धुरकट झालेली.

तेव्हा उपप्राचार्य मोबाइल खिशात ठेवून म्हणाले की मुलींनी उतरायची गरज नाही. त्या काचेच्या तळाच्या बोटीत बसून तेच बघतील. ओले कपडे, कुणी फोटो काढेल, फोटो फिरेल, पालक येतील, जबाबदारी कुणाची? मी हे त्यांच्या शब्दांत सांगतो आहे, कारण माझे शब्द इथे छापता येणार नाहीत. ज्या पोरींनी महिनेच्या महिने नाकात पाणी घेऊन तरंगणं शिकलं, त्यांनी काचेतून बघायचं. आणि फोटो काढणारा कोण? सकाळपासून फोटो काढत फिरणारा त्या किनाऱ्यावर एकच माणूस होता.

मला वाटलं, आता मॅडम ओरडतील. त्यांनी विचारलं, "कावून?" उपप्राचार्य म्हणाले, "मैडम, मेरा डिसीजन है." मॅडमनी चष्मा काढून माझ्या हातात दिला. साडीच्या आत त्या सलवार-कुर्ता घालून आल्या होत्या, हे आम्हाला तेव्हा कळलं. साडी सोडून, घडी घालून हुमेश्वरीच्या मांडीवर ठेवली. जाकीट घातलं. फळीशी गेल्या, एक बिल्ला घेतला, सगळ्यांना दिसेल असा मधल्या खिळ्यावर अडकवला, आणि दोर धरून समुद्रात चालत गेल्या. थोड्या वेळाने पाण्यावर फक्त त्यांची पाठ आणि नळी दिसायला लागली.

उपप्राचार्यांनी पाच-दहा मिनिटं वाट पाहिली. मग म्हणाले, चलो, सब बोट में. कुणी उठलं नाही. ते मुलांवर ओरडले, तेव्हा एकजण, ज्याचे वडील गॅसच्या खात्यात होते, बसल्या जागेवरून म्हणाला, "सर, टोकन लटका है." ते म्हणाले, तो क्या हुआ? मुलाने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू त्यांनी भर वर्गात सूर्य कुठून उगवतो असं विचारलं होतं. उपप्राचार्य बाहेरून बदलीवर आलेले; त्यांना कळेचना की पोरं कशाला घाबरत आहेत. पोरं घाबरत नव्हतीच. फळीवर बिल्ला होता, म्हणून ती बसली होती.

मग ते माझ्याकडे वळले. शिट्टी बजाइए. म्हटलं, सर, शिट्टी मॅडमच्या गळ्यात आहे. आवाज दीजिए. मी हाक मारली. पाठ हलली नाही. कान पाण्यात होते, आणि मॅडमचे कान तसेही सोयीने चालत. शेवटी उपप्राचार्य हळू आवाजात, मला एकट्याला म्हणाले, "लांजेवार जी, वो टोकन निकाल दीजिए. खतम कीजिए."

माझी नोकरी तेव्हा पक्की व्हायची होती. मी शूर माणूस नाही. मी फळीकडे गेलो आणि माझा हात वर गेला, हे मी लपवत नाही. सगळ्या बारावीने तो पाहिला. हुमेश्वरी उठली. मांडीवरची साडी दोन्ही हातांत धरून ती फळी आणि माझ्यामध्ये येऊन उभी राहिली. मास्क डोळ्यांवरच होता, त्यामुळे ती मला बघत होती की नाही, कळत नव्हतं.

"हाथ मत लगाइए सर," ती म्हणाली. "मैडम भीतर हैं."

माझा हात वरच होता. त्याचं काहीतरी करायला हवं होतं, म्हणून मी त्याने कान खाजवला. बराच वेळ खाजवला.

बसंत हे सगळं बघत होता. तो उपप्राचार्यांना म्हणाला की पाण्यात माणूस असताना बोट तर निघणारच नाही, ओहोटीला वेळ आहे, आणि तोवर या मुलींना बसवून काय करायचं? उपप्राचार्यांनी घड्याळाकडे पाहिलं, समुद्राकडे पाहिलं, आणि नारळाच्या सावलीत जाऊन बसले. परवानगी अशी त्यांनी दिलीच नाही. मुलींनी त्यांची वाट पाहिली नाही.

पहिला बिल्ला हुमेश्वरीने लावला. मीही गेलो, कारण चष्मा धरून किनाऱ्यावर उभं राहायची मला लाज वाटली. माझ्या जाकिटाचा खालचा पट्टा लावायचा राहिला होता, त्यामुळे जाकीट वर गेलं आणि मी खाली. हुमेश्वरीनेच मला पट्ट्याला धरून ओढत नेलं, आणि तिने पुढे भिलाईत हे कुणाला सांगितलं नाही, म्हणून मी सांगतो. पाण्याखाली काय होतं? मॅडमच्या फळ्यावर होतं तेच. मेंदूसारखं, शिंगांसारखं, आणि मधून मासे असे जात होते, जशा शाळा सुटल्यावर सायकली. मुली नळीतून ओरडत होत्या. पाण्याखाली ओरडणं कसं ऐकू येतं, ते मला तेव्हा कळलं.

सगळ्यांत शेवटी मॅडम बाहेर आल्या. हातापायांची कातडी सुरकुतलेली, ओठ निळे. मी चष्मा दिला. मला वाटलं, आता तरी म्हणतील. मी विचारलं, "कसं होतं मॅडम?"

"सुंदर हाय," त्या म्हणाल्या. कशाला तरी खरोखर सुंदर म्हणताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. मग लगेच, "अन् अर्धं पांढरं पडून राहिलं. पायलं का तू? पलीकडचा अख्खा भाग. पानी तापून राहिलं, अन् हे मरून राहिलं. इतक्या वर्षांनी पोचले, अन् अर्धं गेलं." त्या थरथरत होत्या, थंडीने, असं बसंतला वाटलं, म्हणून त्याने चहा आणला. मला माहीत होतं कशाने ते. पोरांकडे वळून त्या म्हणाल्या, "उत्तर में दोनों लिखना. सुंदर भी, और सफेद भी."

परत आल्यावर काय झालं, ते सांगताना माझं डोकं अजून तापतं. कुम्हारीच्या आधी हायवेला शाळेचं होर्डिंग लागलं. त्यावर मास्क लावलेल्या मुली, पाण्यात, हसताना. कोपऱ्यात उपप्राचार्य. खाली लिहिलेलं की मुलींना समुद्रात उतरवणारी शाळा. मॅडमचं नाव नाही, चेहरा नाही. तसं म्हणायला एका फोटोच्या कडेला नळीचं टोक दिसतं, ते त्यांचं असावं. मॅडमना उशीर केल्याबद्दल खुलासा विचारला गेला. पुढच्या वर्षी सहल वॉटर पार्कला गेली. आणि निवृत्तीच्या समारंभात शाळेने त्यांना भेट काय द्यावी? प्लास्टिकचं प्रवाळ. गुलाबी, आत दिवा लागणारं. मॅडमनी ते दोन्ही हातांनी वर धरलं, माइकपाशी गेल्या आणि एकच शब्द बोलल्या. कोणता, ते सांगायला नको. टाळ्या फक्त पोरांनी वाजवल्या.

यालाच शोकसभेत मनमिळाऊ म्हणतात.

निवृत्तीनंतर मॅडम आणि धोटे साहेब क्वार्टर सोडून कुरुदकडे नव्या वस्तीत राहायला गेले. मी शेवटचा भेटलो ते तिथे. धोटे साहेबांनी दार उघडलं, हसले, आत गेले. दाराशेजारी भिंतीवर ती फळी होती, माझ्या उलट्या खिळ्यांसकट, आणि मधल्या खिळ्यावर एक बिल्ला. त्या दिवशी बाहेर आल्यावर रागाच्या भरात मॅडम तो काढायला विसरल्या होत्या, आणि फळी तशीच बोटीत, तशीच विमानात, तशीच इथवर आली होती. मला वस्तू जागेवर ठेवायची सवय. मी हात वर केला.

"लांजेवार," आतून आवाज आला.

म्हटलं, मॅडम, आता तर तुम्ही बाहेर आलात ना?

"कोन म्हनते?"

त्या बाहेर आल्या त्या पिशवी घेऊनच. पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात माझी शिट्टी. बसायला वेळ नाही म्हणाल्या. तलावावर बायकांची वेळ सुरू होते आहे, वस्तीतल्या नव्या पोरी आहेत, एक उतईहून बसने येते, तिला उशीर झाला की तिची आई पाठवत नाही. मोपेडला मागे ट्रकची फुगवलेली ट्यूब बांधलेली होती. मी मागोमाग गेलो, पण आत सोडत नाहीत. भिंतीबाहेर, सायकलींपाशी उभा राहिलो. आतून पाण्याचा आवाज येत होता. मग शिट्टी वाजली. लांब, कर्कश, आणि अतिशय चुकीची. शिट्टी अशी वाजवत नाहीत. मी बाहेर उभ्या उभ्या सावधान झालो.

आत मॅडम कुणावर तरी ओरडत होत्या, की घाबरतेस कावून, पाणी तुला धरून आहे.